लॅपटॉपचा ताप आणि ३५ अंशांची अट

लॅपटॉप तापतो म्हणून ग्राहक कूलिंग पॅड विकत घेतो. पण तापणाऱ्या यंत्राची जबाबदारी वापरणाऱ्याची की बनवणाऱ्याची, हा प्रश्न आपल्याकडे अद्याप नीट विचारलाच गेलेला नाही.

मार्च सरत आला की विदर्भ-मराठवाड्यात कूलर बाहेर निघतात, त्यांच्या तट्ट्या बदलल्या जातात, पंपाची तपासणी होते. उन्हाळ्याच्या या जुन्या तयारीत गेल्या काही वर्षांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचा कूलिंग पॅड. मुंबईतील लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातील तपकीर गल्ली असो वा नागपुरातील सीताबर्डी, संगणकाच्या सुट्या वस्तू विकणाऱ्या दुकानांत हे पंखे लावलेले पाट हारीने मांडलेले दिसतात. पाचशे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत त्यांच्या किमती असतात आणि त्याहून महाग प्रकारही मिळतात. घेणारे बहुधा विद्यार्थी, घरून काम करणारे नोकरदार किंवा चित्रफितींचे संकलन करणारे तरुण असतात. त्यांची तक्रारही ठरलेली असते. यंत्र हाताला चटका बसेल इतके तापते, पंखा घरघरतो आणि दुपारी नेमके काम अंगावर आलेले असताना सगळे मंदावते.

वरवर पाहता ही किरकोळ बाब वाटेल. एक यंत्र तापते, त्याला वारा घालण्याचे एक साधन मिळते, ज्याला गरज आहे तो ते घेतो. मात्र २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर लाखो घरांचे रूपांतर कार्यालयांत आणि वर्गखोल्यांत झाले, तेव्हापासून या किरकोळ बाबीचे स्वरूप बदलले. तोवर कार्यालयातील वातानुकूलित दालनात चालणारे यंत्र शेवटच्या मजल्यावरील, दिवसभर उन्हात तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत आले. टाळेबंदी उठली, तरी अनेक कंपन्यांत आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची पद्धत राहिली. साहजिकच यंत्र थंड ठेवण्याचा जो खर्च पूर्वी मालकाच्या वीजबिलात जात होता, तो नोकरदाराच्या खिशात आला. कूलिंग पॅड हे या स्थलांतराचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दृश्य रूप आहे.

उष्णता येते कुठून?

लॅपटॉपला मिळणारी जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. तिचा मोठा भाग प्रोसेसर आणि असल्यास स्वतंत्र ग्राफिक्स चिप यांच्यात, नखाएवढ्या जागेत निर्माण होतो. नेहमीच्या कार्यालयीन लॅपटॉपमधील प्रोसेसर सुमारे १५ ते २८ वॅटसाठी रचलेला असतो. खेळांसाठी किंवा चित्रफीत संकलनासाठी असलेल्या लॅपटॉपमध्ये हा आकडा ४५ वॅट वा अधिक असतो आणि ग्राफिक्स चिपची मागणी शंभर वॅटच्या पुढेही जाते. ही उष्णता बाहेर काढण्यासाठी तांब्याची एक चपटी, बंद नळी वापरतात. तिच्यात किंचित पाणी असते आणि आतला दाब कमी ठेवल्यामुळे ते कमी तापमानालाच वाफ होते. चिपजवळ तयार झालेली वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाला जाते, तिथे पातळ पत्र्यांच्या जाळीला उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि परत येते. या जाळीवरून छोटा पंखा वारा ढकलतो. १९६३ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी प्रत्यक्षात आणली. आज ती बहुसंख्य लॅपटॉपच्या पोटात असते.

तरीही लॅपटॉप का तापतात, याचे उत्तर संगणक उद्योगाच्या गेल्या वीस-बावीस वर्षांच्या इतिहासात आहे. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते की, ट्रान्झिस्टर लहान करत गेल्यास त्याला लागणारी वीजही त्याच प्रमाणात कमी होते. त्यामुळे चिप अधिक वेगवान झाली तरी अधिक तापत नसे. ही सोय २००५ च्या आसपास संपुष्टात आली. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण विजेची बचत त्या प्रमाणात होईना. इंटेलने २००४ मध्ये आपला ‘तेजस’ या सांकेतिक नावाचा आगामी प्रोसेसर रद्द केला आणि केवळ वेग वाढवण्याचा मार्ग सोडून एकाच चिपवर अनेक गाभे बसवण्याची वाट धरली. उष्णता हे त्यामागचे प्रमुख कारण होते. तेव्हापासून संगणकाची गती प्रामुख्याने त्याच्यातून उष्णता किती वेगाने बाहेर काढता येते यावर ठरू लागली.

याच काळात बाजारपेठेची आवड मात्र उलट्या दिशेने गेली. २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला आणि ‘पातळ’ हा लॅपटॉपच्या दर्जाचा निकष होऊन बसला. इंटेलनेही २०११ मध्ये ‘अल्ट्राबुक’ ही संज्ञा पुढे आणली. जाडी कमी झाली की पंखा लहान होतो, जाळी अरुंद होते आणि तळाची झडप पृष्ठभागाला अधिक चिकटते. तीच उष्णता कमी जागेतून बाहेर काढायची, तर पंखा अधिक वेगाने फिरवावा लागतो किंवा यंत्राचा वेग तरी कमी करावा लागतो. बहुतेक उत्पादक दोन्ही करतात.

चिपचे तापमान ठरावीक मर्यादेपर्यंत, म्हणजे बहुतेक प्रोसेसरमध्ये १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की, प्रोसेसर स्वतःहून आपला वेग कमी करतो. याला ‘थ्रॉटलिंग’ म्हणतात. यंत्र जळू नये म्हणून केलेली ही सोय योग्यच आहे. मात्र जाहिरातीत सांगितला जाणारा कमाल वेग हा पहिल्या काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा असतो. अर्धा तास सलग काम केल्यावर तो किती उरतो, हे खोक्यावर कुठेही छापलेले नसते. ग्राहक पैसे मोजतो ते पहिल्या मिनिटाच्या वेगासाठी आणि काम करतो ते तिसाव्या मिनिटाच्या वेगाने.

कूलिंग पॅड नेमके काय करतो?

आता या पार्श्वभूमीवर कूलिंग पॅडकडे पाहू. ‘कूलिंग’ या शब्दाने मोठा गैरसमज होतो. वैदर्भीय वाचकांना ठाऊक असलेला कूलर हवेतच पाणी मुरवून तिचे तापमान खऱ्या अर्थाने उतरवतो, कारण पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते. कूलिंग पॅडमध्ये असे काही नसते. तो निव्वळ पंखा आहे. खोलीतील हवा ४० अंशांची असेल, तर तो ४० अंशांचीच हवा लॅपटॉपच्या तळाशी ढकलतो. त्यामुळे यंत्राचे तापमान खोलीच्या तापमानाखाली नेणे त्याला कधीही शक्य नसते. त्याला एवढेच साधते की, तळाच्या झडपेपाशी कोंडलेली गरम हवा हटते आणि आतल्या पंख्याला ताजी हवा मिळते.

म्हणूनच त्याचा उपयोग यंत्रागणिक बदलतो. ज्या लॅपटॉपचा पंखा तळातून हवा ओढतो आणि मागून वा बाजूने सोडतो, त्याला पॅडचा काही अंशांचा फायदा मिळू शकतो, पण पॅडचे पंखे त्या झडपांच्या बरोबर खाली आले तरच. पंखे एकीकडे आणि झडपा दुसरीकडे, असे झाले तर वारा नुसता पत्र्यावर आदळतो. काही लॅपटॉप कळफलकाच्या फटींतून हवा घेतात. काहींच्या तळाला झडपाच नसतात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या एम-१ चिपच्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. अशा यंत्राखाली पॅड ठेवल्यास तळाचा पत्रा थोडा थंड होतो, इतकेच. अलीकडे रबर किंवा फोमच्या कडेने लॅपटॉपचा तळ बंद करून जोराने हवा आत दाबणारे पॅड बाजारात आले आहेत. ते अधिक परिणामकारक ठरतात, पण त्यांचा आवाज मोठा असतो आणि जाळी नसल्यास ते धूळही त्याच जोराने आत दाबतात.

विजेचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. बहुतेक पॅड लॅपटॉपच्याच यूएसबी खाचेतून वीज घेतात. जुन्या यूएसबी २.० खाचेतून प्रमाणित मर्यादेनुसार ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट वीज मिळते. एवढ्या विजेवर फिरणाऱ्या पंख्यांकडून शंभर वॅट उष्णता ओकणारे यंत्र गार होण्याची अपेक्षा करणे गैर आहे. शिवाय चार्जर लावलेला नसेल, तर ही अडीच वॅटही बॅटरीतूनच जाते. पॅडचा बराचसा लाभ पंख्यांमुळे नसून लॅपटॉप वर उचलला गेल्यामुळे, त्याच्या तळाखाली मोकळी जागा निर्माण झाल्यामुळे होतो. मागच्या बाजूला दोन समान जाडीची पुस्तके झडपा सोडून ठेवली, तरी या लाभाचा मोठा हिस्सा फुकट पदरात पडतो. याउलट गादीवर, उशीवर किंवा पांघरुणावर ठेवलेला लॅपटॉप आपली झडप स्वतःच्या वजनाने बुजवून घेतो. वन-रूम-किचनमध्ये टेबलाला जागा नसते आणि पलंग हेच कार्यालय असते, तिथे ही गोष्ट रोज घडते.

पॅडने ज्यावर पांघरूण पडते ते खरे कारण बहुधा धूळ हे असते. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर साचतो आणि हवेची वाटच बंद होते. मुंबई-पुण्यात सर्वत्र चाललेली बांधकामे पाहता हे आश्चर्य नाही. मुंबईतील हवा इतकी बिघडली की, ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेला बांधकामांवरील धूळ रोखण्यासाठी स्वतंत्र नियमावली काढावी लागली. जी धूळ माणसांच्या फुप्फुसांत जाते, तीच यंत्रांच्या जाळीतही जाते. त्याच्या जोडीला चिप आणि तांब्याची नळी यांच्यामधील उष्णतावाहक लेप काही वर्षांत सुकतो. अशा यंत्राला खालून कितीही वारा घातला, तरी आतली वाट बंद असल्याने फरक पडत नाही. त्याला साफसफाई आणि नवा लेप लागतो. थोडक्यात, पॅड हा तापावरचा ओला रुमाल आहे. क्वचित तेवढ्याने भागते, पण रोगाचे निदान त्यात नाही.

३५ अंशांची अट

यंत्रातील दोष आणि धूळ बाजूला ठेवली, तरी एक मूलभूत अडचण उरते आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. लॅपटॉपसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत वापराचे तापमान दिलेले असते. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी १० ते ३५ अंश सेल्सिअस ही मर्यादा सांगते. इतरही अनेक उत्पादकांची वरची मर्यादा ३५ अंशच आहे. आता ही अट आपल्या हवामानाशी ताडून पाहा. भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेल्याखेरीज उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही. किनारपट्टीसाठी हा आकडा ३७ आहे. याचा अर्थ, जे तापमान आपल्याकडे ‘लाट’ या संज्ञेलाही पात्र नाही, त्या तापमानातच आपला लॅपटॉप कागदोपत्री त्याच्या मर्यादेबाहेर गेलेला असतो. चंद्रपूर, अकोला, नागपूर, जळगाव इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणे नवलाचे राहिलेले नाही. खोलीतील तापमान वेधशाळेतील नोंदीइतके नसेलही, पण पत्र्याच्या किंवा तापलेल्या स्लॅबच्या घरात दुपारी ते ३५ च्या खाली असण्याची शक्यता थोडीच.

या फरकाची किंमत साध्या गणिताने काढता येते. उष्णता बाहेर जाण्याचा वेग हा यंत्र आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील अंतरावर अवलंबून असतो. चिपची मर्यादा १०० अंश धरली आणि खोली २५ अंशांची असेल, तर हे अंतर ७५ अंशांचे होते. खोली ४२ अंशांची असेल, तर ते ५८ वर येते. म्हणजे तोच पंखा, तीच नळी आणि तीच जाळी असूनही उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता सुमारे २३ टक्क्यांनी घटते. वातानुकूलित खोलीत ३० वॅटवर सलग काम करणारे यंत्र तिथे २३ वॅटवर येते. एकच लॅपटॉप, एकच किंमत. पण लंडनमधील, किंवा मुंबईतील वातानुकूलित घरातील, विद्यार्थ्याला जो वेग मिळतो तो अकोल्यातील विद्यार्थ्याला दुपारी दोन वाजता मिळत नाही. ऑनलाइन परीक्षेत किंवा घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या कामात हा फरक निव्वळ तांत्रिक राहत नाही.

बॅटरीचे दुखणे याहून गंभीर आहे. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर जीर्ण होते आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत सतत तापत राहिल्यास तिची झीज आणखी वेगाने होते. कधी तिच्यात वायू साठून ती फुगते. टचपॅड वर उचलला जाणे किंवा झाकण नीट न बसणे ही त्याची लक्षणे होत. सदोष बॅटरी तर धोकादायकच ठरते. २००६ च्या ऑगस्टमध्ये सोनीने बनवलेल्या बॅटऱ्यांमुळे डेलला ४१ लाख आणि ॲपलला १८ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या होत्या. २०१९ च्या जूनमध्ये ॲपलने २०१५ ते २०१७ या काळात विकलेले काही १५ इंची मॅकबुक प्रो बॅटरी तापत असल्याने परत बोलावले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अशी यंत्रे विमानात न आणण्याची सूचना प्रवाशांना केली. हे दोष कारखान्यातले होते, वापरणाऱ्याचे नव्हते. मात्र सदोष नसलेल्या बॅटरीचेही आयुष्य उष्णता कमी करते आणि त्याची भरपाई कोणी देत नाही.

शरीराचा प्रश्नही आहेच. नावाप्रमाणे मांडीवर ठेवायच्या या यंत्राने त्वचा भाजल्याचे उदाहरण २००२ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. एका शास्त्रज्ञाने घरी सुमारे तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवून लेखन केले होते. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी ‘पीडियाट्रिक्स’मध्ये बारा वर्षांच्या मुलाचे उदाहरण मांडले. रोज काही तास मांडीवर लॅपटॉप ठेवून खेळल्याने त्याच्या मांडीच्या त्वचेवर जाळीदार डाग पडले होते. शेगडीजवळ दीर्घकाळ बसणाऱ्यांच्या अंगावर पूर्वी असे डाग दिसत. मंद पण सततच्या उष्णतेचा हा परिणाम असतो आणि चटका न जाणवताही तो होतो. घराघरांतील मुले तासन् तास लॅपटॉप घेऊन पलंगावर बसतात, तेव्हा पालकांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

धोरण कुठे आहे?

वास्तविक हवामानानुसार यंत्राची वर्गवारी करण्याची कल्पना नवी नाही. घरगुती फ्रिजच्या आंतरराष्ट्रीय मानकांत हवामानाचे चार वर्ग आहेत आणि त्यांपैकी उष्णकटिबंधीय वर्गातील फ्रिज ४३ अंशांच्या परिसरातही नीट चालला पाहिजे, अशी अपेक्षा असते. फ्रिज घेताना आपल्याला हा वर्ग पाहता येतो. लॅपटॉपसाठी मात्र अशी कोणतीही ठळक खूण नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपना २०१२ च्या आदेशान्वये भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते, पण तिचा भर विद्युत सुरक्षिततेवर आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकन योजना लॅपटॉपना लागू असली, तरी ती ऐच्छिक आहे आणि ती वीज किती लागते ते सांगते. यंत्र ४० अंशांत कसे चालेल, हे यांपैकी काहीच सांगत नाही.

ही उणीव दूर करण्याची संधी आपल्या हाती आहे. लॅपटॉप आणि तत्सम उपकरणे देशात बनावीत म्हणून केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये १७ हजार कोटी रुपयांच्या उत्पादनाधारित प्रोत्साहन योजनेला मंजुरी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन घालण्याची घोषणा झाली आणि उद्योगाच्या विरोधानंतर ती सौम्य करून नोव्हेंबरपासून आयात व्यवस्थापन प्रणाली आणली गेली. या सगळ्या चर्चेत यंत्र कुठे बनते याला महत्त्व मिळाले. ते कुठे वापरले जाणार, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. करदात्यांच्या पैशांतून उद्योगाला प्रोत्साहन द्यायचे असेल, तर येथे बनणारे यंत्र येथील उन्हाळ्यात चालले पाहिजे, ही अट अवाजवी म्हणता येणार नाही. पंखा थोडा मोठा आणि तळ थोडा उंच केल्याने यंत्राची जाडी काही मिलिमीटरने वाढेल. ग्राहकाला निवड दिली, तर अनेक जण ती आनंदाने स्वीकारतील.

असा आक्षेप घेतला जाईल की, भारतासाठी वेगळी रचना केल्यास लॅपटॉप महाग होतील आणि आधीच परवडत नसलेल्या वर्गाच्या आवाक्याबाहेर जातील. हा आक्षेप पूर्णतः खोडून काढता येत नाही. म्हणूनच सुरुवात रचनेच्या सक्तीने न करता माहितीच्या सक्तीने करावी. अर्धा तास सलग कामानंतर २५ आणि ४० अंशांच्या खोलीत यंत्राचा किती वेग टिकतो आणि तळाचे तापमान किती होते, हे चार आकडे खोक्यावर छापायला फारसा खर्च येत नाही. ग्राहकाला ते कळले, की बाजारपेठ आपोआप त्या दिशेने वळेल. मायलेजचे आकडे पाहून दुचाकी निवडणाऱ्या देशात हे अवघड वाटण्याचे कारण नाही.

दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. यंत्राचा तळ उघडून धूळ काढणे ही देखभालीची साधी बाब असली पाहिजे. प्रत्यक्षात वॉरंटी जाईल या भीतीने ग्राहक ते टाळतो आणि अनेक यंत्रांची रचनाही ती भीती वाढवणारी असते. स्क्रू निराळे, झाकणे चिकटवलेली, बॅटरी आत घट्ट बसवलेली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्येच, विशिष्ट सुटे भाग वा सेवा वापरली नाही तर वॉरंटी संपेल असे बजावणाऱ्या कंपन्यांना समज दिली होती. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे बंधनकारक करण्यात आले. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा आराखडा सुचवणाऱ्या समितीनेही मे २०२५ मध्ये अहवाल दिला. दिशा योग्य आहे. पण लॅपटॉपसारख्या, घरातील शिक्षण आणि रोजगार ज्याच्यावर चालतो अशा वस्तूला त्यात अग्रक्रम मिळायला हवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपल्याने चांगले चालणारे अनेक जुने लॅपटॉप आधीच अडचणीत आले आहेत. त्यांत केवळ धूळ आणि सुकलेला लेप यांमुळे आणखी यंत्रे भंगारात गेली, तर तो पैशांचा अपव्ययच होईल आणि ई-कचऱ्याचा बोजाही वाढेल.

तिसरी जबाबदारी मालक कंपन्यांची. कर्मचाऱ्याला घरून काम करण्यास सांगणाऱ्या कंपनीने यंत्र दिले म्हणजे तिचे कर्तव्य संपले, असे मानणे योग्य नाही. उंच स्टँड, स्वतंत्र कळफलक आणि वर्षातून एकदा यंत्राची साफसफाई यांचा खर्च एका लॅपटॉपच्या किमतीच्या तुलनेत नगण्य आहे. कार्यालयातील वातानुकूलनावर वाचलेल्या पैशांचा एक छोटा हिस्सा तरी यासाठी वापरता यावा.

तोवर ग्राहकाने काय करावे? यंत्र कठीण आणि सपाट पृष्ठभागावर ठेवावे, मागची बाजू थोडी उचलावी. पॅड घेण्यापूर्वी तळाच्या झडपा कुठे आहेत ते पाहून पंखे त्याखाली येतील असाच पॅड निवडावा. धुळीच्या शहरात वर्षातून एकदा आतली सफाई करून घ्यावी. दिवसभर चार्जर लावूनच काम करायचे असेल, तर अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती वापरावी. बॅटरी फुगल्याची शंका आली, तर वापर तत्काळ थांबवून यंत्र जाणकाराकडे न्यावे. बर्फाच्या पिशव्या किंवा ओले फडके लॅपटॉपखाली ठेवण्याचा मोह टाळावा. मुंबईच्या दमट हवेत थंड पृष्ठभागावर लगेच पाणी जमते आणि ते आत गेले, तर उष्णतेने झाले नसते ते नुकसान ओलाव्याने होते. कूलरच्या थेट झोतातही यंत्र ठेवू नये, कारण त्या हवेबरोबर तुषारही येतात.

हे सर्व करूनही मे महिन्यातील दुपारी यंत्र मंदावेलच. त्यात वापरणाऱ्याची चूक नसेल. उन्हाळे अधिक कडक आणि दीर्घ होत असल्याचा अनुभव महाराष्ट्र घेत आहे आणि याच काळात शिक्षण, नोकरी, बँक व सरकारी कामकाज या यंत्रावर येऊन ठेपले आहे. ३५ अंशांची अट बारीक अक्षरांत छापून उत्पादकाने आपली बाजू सुरक्षित केली आहे. ग्राहकाच्या बाजूने ती अट मोठ्या अक्षरांत, खोक्याच्या दर्शनी भागावर आणण्याचे काम सरकारचे आहे. ते होईपर्यंत दर उन्हाळ्यात कूलिंग पॅड विकले जात राहतील आणि यंत्रातील उणिवेची किंमत ग्राहक दुसऱ्यांदा मोजत राहील.